वाचक विचारतात : हळदी वायरीला हात लावण्याआधी

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याच्या वर स्टिअरिंगचे आहेत, कुणाचा हॉर्न वाजेना, कुणाचा एअरबॅगचा दिवा विझेना, म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हेच घेतो. विचारणाऱ्यांची नावं देत नाही, गाव आणि काम तेवढं देतो. आणि सुरुवातीलाच एक सांगतो, एअरबॅगची वायर आणि तिचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा सॉकेट, पिवळा असतो. कानडीत पिवळ्याला हळदी म्हणतात, त्यामुळं आमच्या ऑटोनगरात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, "हळदीला हात नको" एवढं म्हटलं की मराठी पोरगंही थांबतं आणि कानडी पोरगंही थांबतं. पुढं जिथं जिथं हळदी वायर म्हणेन तिथं तीच समजा.

प्रश्न (निपाणी, भाजीपाल्याची वाहतूक करणारे पिकपमालक) : काका, माझी पिकप रोज पहाटे कोल्हापूरला जाते. महिना झाला, हॉर्न सरळ रस्त्यावर वाजतच नाही आणि डावीकडं वळवलं की मधेच वाजतो. त्यातच आता एअरबॅगचा दिवा लागलाय. एका गॅरेजात नवा हॉर्न बसवला, मग रिले बदलला, काही फरक नाही. दुसरे म्हणूलालेत एअरबॅगचा फ्यूज काढून टाका, डोक्याचा ताप जाईल. दोन महिन्यांपूर्वी स्टिअरिंग बॉक्सचं सील गळत होतं म्हणून बॉक्स उतरवला होता, त्याचा काही संबंध असेल काय?

उत्तर : दादा, संबंध आहे, आणि तुम्ही ते शेवटी लिहिलंय खरं तेच पहिलं लिहायला पाहिजे होतं. हॉर्न आणि एअरबॅग ही दोन वेगळी दुखणी वाटतात, खरं दोन्हीच्या वायरी स्टिअरिंगच्या मागं एकाच डबीतून जातात. त्या डबीला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंगचं चाक गोल फिरतं आणि कॉलम, म्हणजे ते धरणारी नळी, जागेवर असतो, मग साधी वायर टाकली तर ती पीळ पडून तुटणार, म्हणून प्लास्टिकच्या चपट्या डबीत एक लांब पातळ पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. जुन्या टेपच्या कॅसेटमधली फीत आठवा, साधारण तशीच, फक्त आत तांब्याच्या बारीक पट्ट्या दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये चिकटवलेल्या. चाक एका बाजूला फिरवलं की ती गुंडाळत जाते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सुटत जाते. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि एअरबॅगच्या दोन हळदी वायरी, सगळं तिथूनच जातं.

आता तुमच्या बॉक्सचं. बॉक्स उतरवताना खालचा जॉइंट सुटतो आणि चाक मोकळं होतं. क्लॉक स्प्रिंगला साधारण पाच फेऱ्यांची मुभा असते, म्हणजे मधून दोन्ही बाजूंना अडीच अडीच. चाक मोकळं असताना कुणी गरागरा फिरवलं, किंवा काम करताना आधाराला धरलं आणि एक-दोन फेऱ्या सरकलं, आणि तसंच बॉक्स परत जोडला, तर मध्य चुकतो. गाडी चालते, काही कळत नाही, मग एक दिवस पार्किंगमध्ये पूर्ण कट मारला की त्या बाजूची पट्टी संपते, ताण येतो, घडीवर चीर पडते. डावीकडं वळताना हॉर्न वाजतो याचा अर्थ त्या स्थितीत चिरलेली टोकं एकमेकांना टेकतात. गेल्या पावसाळ्यात अशीच एक डबी मी टेबलावर खोलून पोरांना दाखवली, पट्टी वरून धडधाकट, उलटी करून उजेडात धरली तर घडीच्या जागी केसासारखी काळी रेघ. तेवढी रेघ सगळा खेळ करत होती.

खरं अंदाजावर नवी क्लॉक स्प्रिंग आणू नका, आधी तपासून घ्या. पहिलं काम स्कॅनर, म्हणजे गाडीच्या युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावून एअरबॅगचा कोड वाचणे आणि लिहून ठेवणे. कोड पुसायची घाई नको, बरेच जण आधी पुसतात आणि मग डोकं धरून बसतात. ड्रायव्हर एअरबॅगचा रेझिस्टन्स जास्त किंवा सर्किट ओपन (म्हणजे तुटलेलं) असा कोड असेल तर आपला संशय बरोबर दिशेनं चाललाय. मग हॉर्नकडं या, कारण हॉर्नची बाजू निर्धोक आहे. रिले, म्हणजे बटण दाबलं की हॉर्नला करंट सोडणारा छोटा स्विच, काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या दोन जागा फ्यूज लावलेल्या जंपरनं क्षणभर जोडा. हॉर्न ठणठणीत वाजला तर हॉर्न, फ्यूज आणि तिथपर्यंतची वायर सगळं बरोबर आहे. रिले परत बसवा, त्यावर बोट ठेवा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. टिक लागत नसेल तर दोष रिलेपासून बटणापर्यंतच्या वायरीत. चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बटण दाबून ठेवा, टिक मधेच येत मधेच जात असेल तर डबीच दोषी असण्याची शक्यता फार मोठी. एवढी तपासणी त्या पहिल्या गॅरेजात झाली असती तर नवा हॉर्न आणि रिलेचे पैसे वाचले असते.

पुढचं काम माहीतगाराकडूनच करून घ्या, तरी काय काय व्हायला पाहिजे ते तुम्हाला ठाऊक असू दे म्हणजे शेजारी उभं राहून बघता येईल. चाकं सरळ करून गाडी बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि थांबायचं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून तो करंट साठवून ठेवतो. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये कुठं ९० सेकंद, कुठं ३ मिनिटं असं वेगवेगळं असतं, मी सगळ्यांना सरसकट दहा मिनिटं थांबवतो, चहा घेऊन येतो. पॅड, म्हणजे चाकाच्या मधला एअरबॅग भरलेला भाग, काढण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरते. पॅड उचलताना त्याचं तोंड आपल्या अंगाकडं नको, आणि टेबलावर ठेवताना तोंड वर. पालथा ठेवला आणि काही कारणानं उडाला तर अख्खा पॅड छताला जाईल.

आणि हे मात्र ठळक समजा : पॅडच्या पिनांना मल्टिमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर बिलकूल नाही. आतल्या पेटवणीचा रेझिस्टन्स जेमतेम दोन ओहमच्या आसपास असतो आणि एक-सव्वा अँपियर करंट दोन-तीन मिलिसेकंद मिळाला तरी ती पेटते. बल्बचा टेस्टर बॅटरीशी जोडून तिथं टेकवला तर तेवढा करंट कुठून कसा जाईल सांगता येत नाही. तीस-चाळीस मिलिसेकंदांत पूर्ण फुगणारी वस्तू आहे ती, हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही.

मोजायची ती एकटी क्लॉक स्प्रिंग, दोन्हीकडचे कपलर काढून. प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक ओहमच्या आत यायला पाहिजे, आणि हळूहळू फिरवताना आकडा हलायला नको. एक गंमत इथं नवीन पोरांना फसवते, पिवळ्या कपलरच्या आत एक छोटी पत्री असते, कपलर सुटला की ती दोन्ही पिना आपोआप एकमेकांना जोडते म्हणजे चुकून करंट जाऊ नये. त्यामुळं दोन हळदी वायरींमध्ये मीटर लावला तर शॉर्ट दाखवतो, तो बिघाड नव्हे, ती सोय आहे.

नवी डबी आणाल तर तिला लॉकची पिन किंवा स्टिकर असतो, तो चाक बसवेपर्यंत काढायचा नाही. लॉक निघालाच असेल तर हलक्या हातानं एका बाजूला अडेपर्यंत फिरवून मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्या उलट फिरवायच्या, बहुतेक अडीच ते तीन. चाक काढण्याआधी शाफ्टवर आणि चाकावर रंगाची खूण करा, पुलरनं काढा, हातोडा नको. गाडीला स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर स्टिअरिंगचा अँगल सेन्सर पुष्कळदा तिथंच असतो, त्याचा शून्य स्कॅनरनं सेट करावा लागतो नाहीतर दुसराच दिवा लागतो. बॅटरी सगळ्यात शेवटी जोडायची, आणि पहिल्यांदा चावी ऑन करताना चाकासमोर बसायचं नाही, दारातून बाजूनं हात घालून फिरवायची.

फ्यूज काढायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांचं ऐकू नका दादा. त्या फ्यूजवर एअरबॅगबरोबर सीटबेल्टचा प्रीटेन्शनरही असतो, धडक बसली की बेल्ट मागं ओढून तुम्हाला सीटला धरणारा. पहाटे धुक्यात हायवेला उभे ट्रक असतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. आणि एक, चाकाच्या मधल्या कव्हरवर यल्लम्माचा धातूचा बिल्ला चिकटवलाय असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय, देवीला आरशाच्या वर जागा द्या. ते कव्हर आतून एका रेषेवर मुद्दाम पातळ केलेलं असतं, बॅग तिथूनच फाडून बाहेर येते, आणि बिल्ला थेट तोंडावर येईल.

प्रश्न (हुक्केरी, शेतकरी) : सीट पुढं-मागं सरकवली की एअरबॅगचा दिवा लागतो, परत सरकवली की कधी जातो कधी राहतो. स्टिअरिंग उघडायला लागेल का?

उत्तर : नाही, स्टिअरिंगला हात लावू नका. सीटखाली पिवळा कपलर असतो, बेल्टच्या बकलचा किंवा प्रीटेन्शनरचा. कांद्याची पिशवी, पाना, पाण्याची बाटली काय काय सीटखाली ढकललं जातं त्याचा धक्का बसून तो सैल होतो, किंवा चिखलाचं पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. बॅटरी काढून, थांबून, कपलर सोडवून पिना बघून घ्या, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नीट क्लिक होईपर्यंत बसवा, वायर रुळात अडकत नाही ना ते बघून बांधा. ही वायर कापून पीळ मारून टेप गुंडाळायची नाही, रेझिस्टन्स थोडा वाढला तरी युनिट कोड टाकतं. आणि हंगामात हुक, साखळीसाठी बॉडीला वेल्डिंग करून घेता तेव्हा बॅटरी काढल्याशिवाय मशीन चालू करू देऊ नका.

प्रश्न (खानापूर, गृहिणी) : आमच्या ह्यांनी जुनी पिकप घेतली. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय की चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझतो. आमच्या गाडीत तो कधी लागतच नाही. विकणारे म्हणाले दिवा लागत नाही म्हणजे सिस्टीम ओके. मला शंका वाटते म्हणून विचारते.

उत्तर : ताई, तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही पुस्तक वाचलंत याचं मला खरंच मोल वाटतं. चावी ऑन केली की तो दिवा लागायलाच पाहिजे, साधारण सहा सेकंद राहून विझायला पाहिजे. तेवढ्या वेळात युनिट स्वतःची सगळी सर्किटं तपासून घेतं. लागून राहिला तर बिघाड आहे, आणि लागलाच नाही तर त्याहून वाईट, कारण बिघाड आहे की नाही हे सांगणारंच कुणी उरलेलं नाही. बल्ब गेलेला असू शकतो, किंवा डॅशबोर्डवरचा मीटर काढून दिवा मुद्दाम बंद केलेला असू शकतो, कधी कधी त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून देतात म्हणजे तो लागून विझताना दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो.

मी एकदा एका गाडीचं चाक उघडलं, मालक फक्त हॉर्नसाठी आला होता. पॅड हातात घेतला तर हलका लागला. आत बॅग नव्हती, स्पंजाचा तुकडा कापून भरला होता, आणि हळदी कपलरमध्ये काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला शेंगदाण्याएवढा रेझिस्टर, दोन ओहमचा. युनिटला वाटत होतं बॅग जागेवर आहे. तो रेझिस्टर आमच्या धंद्यात तपासायचं हत्यार आहे, पॅडच्या जागी क्षणभर लावून बघायचं, कोड गेला तर दोष पॅडमध्ये, राहिला तर वायरीत किंवा क्लॉक स्प्रिंगमध्ये, आणि मग काढून परत पेटीत. तो गाडीत ठेवून गाडी विकणं म्हणजे माणसाच्या जिवाशी फसवणूक आहे, मला दुसरा शब्द सुचत नाही. त्या मालकाची दोन लेकरं होती, रोज त्याच गाडीतून शाळेला जायची.

तुम्ही असं करा. एअरबॅगचं युनिट वाचणारा स्कॅनर ज्यांच्याकडं आहे त्यांच्याकडं जा, सगळ्यांकडच्या स्कॅनरमध्ये ती सोय नसते, फोन करून विचारूनच जा. युनिट उत्तर देतं का, धडकेची नोंद साठलेली आहे का हे बघायला सांगा. उत्तरच आलं नाही तर फ्यूज, मग मधल्या बोगद्यावर, म्हणजे दोन सीटमधल्या उंचवट्यावर, गिअरच्या आसपास युनिट जागेवर आहे का ते बघावं लागेल. मग वर सांगितलेली सगळी काळजी घेऊन पॅड उतरवून मागं खरा इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारा डबा, आणि त्याचं लेबल आहे ना ते डोळ्यांनी बघा. घरच्या घरी एक गोष्ट आजच बघता येईल, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि सोडा. बेल्ट अडकून बसला, परत गुंडाळतच नाही, किंवा बकल नेहमीपेक्षा खाली ओढल्यासारखं दिसलं, तर एखाद्या अपघातात प्रीटेन्शनर उडून गेलेला असू शकतो. ह्यांना सांगा, हे सगळं होईपर्यंत चोर्ला घाटानं गोव्याच्या फेऱ्या थांबवल्या तर बरं, आणि लहान मुलाला पुढच्या सीटवर बसवणं तर कुठल्याच गाडीत नको, बॅग चालू असो वा नसो.

प्रश्न (उगार भाग, ऊस वाहतुकीचा ट्रक ड्रायव्हर) : अण्णा, माझा ट्रक जुना आहे, चोवीस व्होल्टचा. हॉर्न वळणावर बंद पडतो. एअरबॅग नाहीच, तर ही क्लॉक स्प्रिंगची भानगड आमच्यात असते काय? आणि बाहेरून एअरबॅग बसवून मिळेल काय?

उत्तर : तुमच्या गाडीत ती डबी नाही. जुन्या ट्रकात चाकाच्या खाली पितळी रिंग असते आणि तिच्यावर स्प्रिंगनं दाबलेला कॉन्टॅक्ट घासत फिरतो. ग्रीस, धूळ आणि उसाचा चोथा मिळून त्या रिंगवर काळा लेप बसतो. बारीक एमरी पेपरनं रिंग घासा, कापडानं पुसा, कॉन्टॅक्टची स्प्रिंग दमली असेल तर बदला. एवढ्यानं निम्मे ट्रक सुटतात.

सुटला नाही तर अर्थिंग बघा, आणि इथं जरा थांबून सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. हॉर्नच्या बटणाचं अर्थिंग पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगच्या शाफ्टमधून खाली जातं. मधे रबराचं कपलिंग असतं, रबर काही करंट सोडत नाही, म्हणून त्याच्यावरून तांब्याची विणलेली पट्टी टाकलेली असते. ती तुटली की हॉर्न कधी लागतो कधी नाही. तशीच एक मोठी पट्टी चासीपासून केबिनला असते. आपले वायरमन मीटर बीपवर ठेवून बघतात, बीप आली की म्हणतात वायर चांगली. खरं पट्टीतली एक तार शिल्लक असली तरी बीप येते, हॉर्नचा करंट मात्र ती पेलू शकत नाही. म्हणून व्होल्टवर ठेवा, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी केबिनच्या स्वच्छ लोखंडाला, आणि हॉर्न दाबून बघा. आकडा शून्याच्या जवळ पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. मग तीच पिन शाफ्टला, म्हणजे कुठल्या तुकड्यात दोष आहे ते सरळ सापडतं. चाकं पूर्ण वळवूनही एकदा बघा, तुमचा त्रास वळणावरचा आहे.

तुमच्या गाडीत रिले नसेल तर हॉर्नचा सगळा करंट त्या बिचाऱ्या बटणातूनच जातो. चोवीस व्होल्टचा रिले आणि फ्यूज टाकून घ्या, रिंग वर्षानुवर्षं टिकेल. कर्कश प्रेशर हॉर्न नको, नियमातही बसत नाही आणि शाळेच्या पोरांना फार त्रास होतो.

एअरबॅग बाहेरून बसवता येत नाही अण्णा, कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. कुठल्या धडकेला, किती वेळात उडायचं हे त्या त्या गाडीच्या बॉडीवर धडकेच्या चाचण्या करून ठरवलेलं असतं. आपल्या देशात मोटारींना ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, ट्रकला ती सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली हे चांगलंच झालं, रात्रंदिवस चालवणाऱ्या माणसाला एअरबॅगही तितकीच मिळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोवर तुमच्याकडं बेल्ट आहे. कारखान्याच्या रांगेत काढून ठेवता तो रस्त्याला लागताना परत लावा.

प्रश्न (चिकोडी, आयटीआयचा विद्यार्थी) : सर, मला ऑटो इलेक्ट्रिशियन व्हायचंय. ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर पुरेल का? एअरबॅगचं काम कुठून शिकायला सुरू करू?

उत्तर : बाळा, तो स्कॅनर बहुतेक करून इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅगचं युनिट त्याला दिसत नाही. इंजिनमध्ये "कोड नाही" आलं म्हणून एअरबॅग ठीक आहे असं कुणाला सांगू नकोस. आणि चांगला स्कॅनर असला तरी तो सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. "ड्रायव्हर एअरबॅग रेझिस्टन्स हाय" म्हणजे पॅड, क्लॉक स्प्रिंग, कपलर, वायर, यातलं काहीही. कोड यायच्या आधी बॅटरी किती होती तेही बघत जा, बारा व्होल्टच्या गाडीत चालू इंजिनवर साधारण १३.८ ते १४.५ पाहिजेत, बॅटरी पार बसली होती म्हणूनही कोड पडतात.

आधी चांगला डिजिटल मल्टिमीटर घे आणि सहा महिने नुसतं हॉर्न, लाइट, अर्थिंगवर व्होल्टेज ड्रॉप मोजायची सवय कर. हळदी वायर तोवर नको. ऑटोनगरात कुठल्याही गॅरेजात बदललेल्या क्लॉक स्प्रिंग पडलेल्या असतात, मागितली की देतात. एक घरी ने, पाच-सहा स्क्रू किंवा क्लिपा असतील त्या काढ, पट्टी पूर्ण सोडव, लांबी मोज, खिडकीत धरून चीर शोध. मग परत गुंडाळून मध्य काढून बघ, आणि फिरवताना प्रत्येक वायरीचा आकडा वहीत लिही. ती वही घेऊन कधीही दुपारी तीननंतर ये, तेव्हा गाड्या कमी असतात.